‘सैल सोड’ म्हटल्याने भीती जात नाही

तुमच्यापैकी किती जणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एकट्या गेल्या आहात? हात वर करायला सांगत नाहीये, मनातल्या मनात उत्तर द्या. आणि मुलांनो, ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पान उलटू नका. तुमच्या घरात आई आहे, ताई आहे, वहिनी आहे. शेवटपर्यंत वाचलंत तर तुमच्यासाठीही एक काम आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करते. एसवायला होते. ओटीपोटात दुखायचं, पाळी महिन्यात दोनदा यायची. आई मला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात घेऊन गेली. पहिलाच प्रश्न, ‘लग्न झालंय का?’ तोही मला नाही, आईला. आई ‘नाही’ म्हणाली. मग आईच्या समोरच मला, ‘खरं सांग, तसं काही नाही ना?’ मी मान हलवली. टेबलावर झोपायला सांगितलं. काय करणार, कशाने करणार, किती वेळ लागेल, एक शब्द नाही. पडदा अर्धाच ओढलेला. पलीकडे सिस्टर पुढच्या पेशंटची फाईल शोधतेय. मी अंग चोरलं. ‘अगं, सैल सोड. एवढं काय त्यात?’ मी जितकी घाबरले तितकं दुखलं आणि जितकं दुखलं तितकी घाबरले. शेवटी मी रडायलाच लागले तेव्हा, ‘राहू दे, वरून सोनोग्राफी करू,’ असं ठरलं. निदान त्या पोटावरून केलेल्या सोनोग्राफीतून आणि रक्ताच्या तपासणीतून झालं. म्हणजे आतून तपासण्याची तेव्हा गरजच नव्हती.

घरी येताना आई म्हणाली, ‘होतं असं.’ विषय संपला. पण पुढचं वर्षभर मी कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नाही. दुखलं की गोळी, त्रास वाढला की गरम पाण्याची पिशवी. आपल्याकडे यालाच ‘अंगावर काढणं’ म्हणतात.

माझं अंगावर काढणं एक वर्षाचं. पण आपल्या आयांचं वीस-वीस, तीस-तीस वर्षांचं असतं. त्याची किंमत किती आणि ती कोण मोजतं, हे शोधायला मी शिरूर ते दौंड या रस्त्यावरच निघाले. लांब जायची गरज पडली नाही.

आधी, ही तपासणी असते तरी काय?

दवाखान्यात तिला ‘आतून तपासणी’, ‘पीव्ही’ किंवा ‘पेल्व्हिक एक्झाम’ म्हणतात. तिचे साधारण तीन भाग. एक, बाहेरून पाहणं. दोन, स्पेक्युलम नावाचं उपकरण योनीमार्गात घालून तो थोडा उघडणं, म्हणजे आतला भाग आणि गर्भाशयाचं तोंड दिसतं. पॅप चाचणीचा नमुना याच वेळी घेतात. तीन, हातमोजा घातलेली एक किंवा दोन बोटं आत आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून गर्भाशयाचा आकार, कुठे गाठ आहे का, कुठे दुखतंय, हे बघणं. नीट झाली तर हे सगळं काही मिनिटांचं काम आहे.

आता महत्त्वाचं. तुमच्या वयाच्या बहुतेक मुलींना ही तपासणी लागतच नाही. पाळी अनियमित असेल, पीसीओडीची शंका असेल, पाळीत नेहमीचं दुखत असेल, तर बऱ्याचदा नीट विचारलेले प्रश्न, रक्ताची तपासणी आणि पोटावरून केलेली सोनोग्राफी यावर भागतं. अमेरिकेतल्या अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच सांगितलं, की काही त्रास नसलेल्या आणि गरोदर नसलेल्या बाईची केवळ ‘रूटीन’ म्हणून अशी तपासणी करू नका. फायद्याचा पुरावा नाही. उलट भीती, लाज आणि दुखणं मात्र होतं.

मग लागते केव्हा? मधेच किंवा संबंधांनंतर रक्तस्राव होत असेल, घाण वासाचं पांढरं जात असेल, ओटीपोटात सतत दुखत असेल, गाठ लागत असेल, तांबी बसवायची असेल, आणि तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी करायची असेल तेव्हा. अशा वेळी ती टाळणं महागात पडतं. तपासणी नकोच, असं मी म्हणत नाहीये. गरज असेल तेव्हा ती व्हायला हवी, आणि बाई पुन्हा यायला घाबरणार नाही अशी व्हायला हवी.

दुखतं ते नाटक नसतं

‘एवढं काय त्यात’ या वाक्यात एक आरोप लपलेला असतो, की ही पोरगी उगाच करतेय. शरीर वेगळं सांगतं. डोळ्यासमोर काही आलं की पापणी आपोआप मिटते ना, तसंच. भीती वाटली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जातात. आवळलेल्या स्नायूंतून काही आत जाताना दुखतं. दुखलं की मेंदू ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळतो. काही जणींच्या बाबतीत हे इतकं होतं, की टॅम्पॉन, तपासणी, संबंध, काहीच शक्य होत नाही. याला व्हजायनिस्मस म्हणतात. ती एक वैद्यकीय अवस्था आहे, तिच्यावर फिजिओथेरपी आणि समुपदेशनाने उपचार होतात. ज्यांच्यावर आधी लैंगिक अत्याचार झालाय, त्यांच्यासाठी तर हे टेबल म्हणजे तोच प्रसंग पुन्हा. तिथे ‘सैल सोड’ हा हुकूम काय कामाचा? स्नायू हुकमावर सैल होत नाहीत. सुरक्षित वाटलं की होतात.

बाईच्या दुखण्याकडे काणाडोळा करण्याला इतिहासही आहे. स्पेक्युलमच्या आधुनिक रूपाशी ज्याचं नाव जोडलंय, तो मॅरियन सिम्स हा अमेरिकन डॉक्टर. १८४० च्या दशकात अलाबामात त्याने गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यातल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलवण्यात आला. ‘सिम्स स्पेक्युलम’ मात्र आजही आपल्याकडच्या दवाखान्यांत आहे. उपकरण उपयोगाचं आहे, ते फेकून द्या असं नाही. पण ‘बायकांना एवढं दुखत नाही’ हा समज त्याच्यासोबत आला आणि तो फार काळ टिकला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने तांबीसारखी साधनं बसवताना होणाऱ्या वेदनेबद्दल पेशंटशी आधी बोला, जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनचा विचार करा, असं आपल्या मार्गदर्शनात ठळकपणे लिहिलं ते ऑगस्ट २०२४ मध्ये. म्हणजे कालपरवा!

‘लग्न झालंय का?’

या प्रश्नामागे डॉक्टरांना खरं तर विचारायचं असतं, ‘संबंध आले आहेत का?’ तो प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा आहे. गर्भधारणा, संसर्ग, कोणती तपासणी करायची, हे त्यावर ठरतं. पण तो लग्नाच्या आडून आणि आईसमोर विचारला की उत्तर खोटंच येणार. खोट्या उत्तरावर केलेलं निदान चुकलं तर भोगणार कोण?

आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरी भीती असते: तपासलं तर ‘काहीतरी कळेल’. मैत्रिणींनो, काहीही कळत नाही. योनीपटलावरून संबंध आलेत की नाही हे सांगता येत नाही. त्याचा आकार प्रत्येकीचा वेगळा असतो. याबाबतीत महाराष्ट्राचं काम अभिमानाने सांगण्यासारखं आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकशास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी ‘टू फिंगर टेस्ट’ला शास्त्रीय आधार नाही हे वर्षानुवर्षं लावून धरलं. २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्य चाचणीचा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अत्याचारपीडितेची ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

हे सगळं होऊनही २०२४ च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्यासारखे जुने मुद्दे परत डोकावले. आरडाओरडा झाला, आणि काही दिवसांतच तो मसुदा मागे घेतला गेला. यातून काय दिसतं? कायदा बदलतो, पुस्तकातलं पानही बदलतं; पण डोक्यातलं पान सगळ्यात शेवटी बदलतं. दवाखान्यातल्या त्या टेबलावर आपली गाठ पडते ती या डोक्यातल्या पानाशी.

न्हावऱ्याचा ऊस, बीडच्या बायका

शिरूरहून दौंडकडे जायला मी न्हावरे, पारगाव, केडगाव अशी वाट धरते. मावशीकडे जायचा हा आमचा नेहमीचा रस्ता. गळीत हंगामात या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या खेटून चालतात. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा ही इथल्या सहकारी कारखान्यांची नावं लहानपणापासून कानावर आहेत. आजूबाजूच्या फडांत कोयता घेऊन उतरणाऱ्या बायका बीड, अहिल्यानगर भागातून येतात. रस्त्याकडेच्या कोप्यांमध्ये संडास नाही, पाण्याची सोय नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो.

याच बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. देशपातळीवर १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण साधारण तीन टक्के आहे.

याची कारणं अनेक आहेत: मुकादमी, गरिबी, खासगी दवाखान्यांचा नफा, उघड्यावरचं जगणं. पण आपल्या विषयाचा धागा इथेही आहे. पांढरं जातंय, कंबर दुखतेय हे बाई वर्षानुवर्षं अंगावर काढते. जाते तेव्हा नीट तपासून, नमुना घेऊन, ‘हा साधा संसर्ग आहे, औषधाने बरा होईल’ असं सांगणारं कुणी भेटत नाही. भेटतं ते ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगणारं. बाईलाही एकदाच काय ते उरकून टाकावंसं वाटतं. ज्या तपासणीला आपण घाबरतो, ती नीट झाली असती तर यातली कितीतरी ऑपरेशनं टळली असती. तपासणीची भीती आणि तपासणीचा अभाव, दोन्हींचा फायदा शेवटी तिसराच घेतो.

केडगावात राहून गेलेली एक बाई

पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. रमाबाईंचा मृत्यूही १९२२ मध्ये इथेच झाला. शाळेत आपण त्यांच्याबद्दल दोन ओळी शिकतो. त्यात न येणारी गोष्ट अशी: १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर साक्ष देताना रमाबाईंनी सांगितलं होतं, की या देशात स्त्री डॉक्टर हव्यात, कारण इथल्या बायका आपली दुखणी पुरुष डॉक्टरला सांगू शकत नाहीत आणि त्यातच मरतात. त्यानंतर चारच वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या.

थोडक्यात, आज आपण ज्याला ‘लाज’ म्हणून हसण्यावारी नेतो, तिला रमाबाईंनी धोरणाचा प्रश्न मानलं होतं. ‘बायकांनी धीट व्हावं’ असं त्या म्हणाल्या नाहीत. ‘व्यवस्था बदला’ म्हणाल्या. मधल्या काळात स्त्री डॉक्टर भरपूर झाल्या. पण माझ्या वेळी त्या टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टर बाईच होत्या, हेही सांगायला हवं. म्हणजे डॉक्टर बाई असणं एवढंच पुरत नाही. पद्धत बदलावी लागते.

बार्शीत काय घडलं?

दौंडहून सोलापूरच्या दिशेने रेल्वे पकडली की कुर्डुवाडी आणि तिथून बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचा सहभाग असलेला एक मोठा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला होत्या. खेड्यांचे ५२ गट पाडून कुठे एचपीव्ही चाचणी, कुठे पॅप, कुठे व्हीआयए, आणि कुठे नेहमीचीच आरोग्यसेवा, अशी तुलना केली. व्हीआयए म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून एक मिनिटाने पांढरे डाग दिसतात का ते बघणं. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे ॲसिड. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. जगभरच्या धोरणांत आजही या अभ्यासाचा दाखला देतात.

मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ज्यांना बोलावलं त्यातल्या बहुसंख्य बायका आल्या. मराठवाड्याच्या खेड्यांतल्या, शेतात राबणाऱ्या, आपण ज्यांना ‘लाजाळू, अडाणी’ म्हणून मोकळे होतो त्या बायका. मग ‘बायका येतच नाहीत हो’ हे रडगाणं कितपत खरं? नीट बोलावलं, समजावून सांगितलं, तर येतात.

आणि नाही आल्या तर काय होतं, तेही आकड्यांत आहे. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि ७५ हजारांहून जास्त दगावतात. हा कॅन्सर व्हायच्या आधी वर्षानुवर्षं गर्भाशयमुखावर बदल दिसत असतात, म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के महिलांनी ही तपासणी कधीतरी केल्याचं सांगितलं. शंभरात दोनसुद्धा नाहीत. याला एकटी भीती कारण नाही. सोय नाही, माहिती नाही, दिवसाची मजुरी बुडते. पण ज्या बाळंतपणात आरडाओरडा ऐकून घ्यावा लागला, त्याच टेबलावर पुन्हा स्वतःहून कोण जाईल?

एक चांगली बातमीही आहे. एचपीव्ही चाचणीसाठी नमुना बाईला स्वतः घेता येतो. स्पेक्युलम नाही, टेबल नाही. पडद्याआड किंवा घरी एक मऊ ब्रश किंवा कापूस लावलेली काडी आत फिरवायची आणि नळीत ठेवायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात याला मान्यता दिली आहे. चाचणी पॉझिटिव्ह आली तरच पुढे तपासणी लागते. आपल्याकडे मात्र केंद्राच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या महिलांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे, म्हणजे पुन्हा टेबल आणि स्पेक्युलम आलंच. व्हीआयए स्वस्त आहे, लगेच निकाल देते, हे खरं. पण जी बाई टेबलाला घाबरून येतच नाही तिच्यासाठी स्वतः नमुना घ्यायचा पर्याय गावपातळीवर का आणू नये, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

आणि लस? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची ‘सर्व्हाव्हॅक’ ही पहिली भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. दौंडहून पुण्याला अप-डाऊन करणाऱ्यांनो, हडपसर स्टेशन आलं की आठवा, ती इथे बनते. ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठीही तिला परवानगी आहे. म्हणजे तुम्ही त्या वयात बसता. डॉक्टरांशी बोला. लस घेतली तरी तिशीनंतरची चाचणी चुकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

टेबलावर झोपायच्या आधी

आता कामाचं. तपासणी लागलीच, तर या गोष्टी तुमच्या हातात आहेत.

बसूनच बोला. कपडे काढायच्या आधी, खुर्चीत बसलेलं असताना विचारा, ‘ही तपासणी कशासाठी? हिच्याशिवाय निदान होईल का? आज नाही केली तर काय बिघडेल?’ डॉक्टरांना उत्तर देता यायला हवं.

एकांत मागा. ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय,’ असं म्हणता येतं. अठरा पूर्ण असतील तर संमती तुमची. आईची नाही, नवऱ्याची नाही. १६ जानेवारी २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. दिल्लीतल्या एका सज्ञान महिलेला फक्त तपासणीसाठी भूल दिली होती, आणि बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजाशयं काढली. ती संमती कोर्टाने मानली नाही. एका गोष्टीला दिलेला होकार हा दुसऱ्या गोष्टीला दिलेला होकार नसतो.

सोबत मागा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्क सनदेनुसार, पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी बाई हजर असावी असा आग्रह धरण्याचा तुम्हाला हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावलेली असायला हवी. पुढच्या वेळी भिंतीवर शोधा बरं!

सांगून टाका. ‘मला भीती वाटते’, ‘मागच्या वेळी खूप दुखलं होतं’, ‘माझे कधी संबंध आलेले नाहीत’, ‘माझ्यासोबत पूर्वी वाईट घडलंय’. यातलं जे लागू असेल ते एक वाक्य पुरे. तपशील द्यायची सक्ती नाही.

छोटा स्पेक्युलम मागा. ते वेगवेगळ्या मापांत मिळतात. आधी दाखवायला सांगा. धातूचा असेल तर कोमट करून घ्या म्हणा. वंगणाची जेली लावता येते. काही ठिकाणी तो स्वतःच्या हाताने आत सरकवायचीही मुभा देतात, विचारून तर बघा.

लघवीला जाऊन या. कमरेखाली पांघरायला चादर मागा. आत जाताना श्वास रोखू नका. लांब, हळू बाहेर सोडा. पायांची बोटं हलवत राहा. ऐकायला बावळटपणा वाटेल, पण लक्ष आणि स्नायू दोन्ही थोडे सुटतात.

‘थांबा’ आधीच ठरवून ठेवा. ‘मी हात वर केला की थांबाल का?’ हा प्रश्न तपासणी सुरू व्हायच्या आधी विचारायचा. ज्या बाईला थांबवता येणार आहे हे माहीत असतं, तिला बहुतेक वेळा थांबवावं लागत नाही. आणि थांबवावं लागलंच तर ती तपासणी फसलेली नाही. तातडीचं नसेल तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या डॉक्टरकडेही करता येते.

१९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. तिथे समुपदेशकाशी फुकट बोलता येतं. धाकट्या बहिणीला सांगून ठेवा.

आणि मुलांनो, तुमचं काम

घरातल्या बाईला ‘तिशीनंतरची तपासणी झाली का?’ एवढंच विचारायचं. लाज वाटेल, विचारा. तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडीवर सोडून निघून जाऊ नका, पण तिच्या वतीने उत्तरंही देऊ नका. तुमच्यातले काही जण उद्या डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन होतील. तो अर्धा ओढलेला पडदा पूर्ण ओढणं, हे फुकटात होणारं काम आहे.

डॉक्टरांचीही एक बाजू आहे, ती न सांगणं अन्यायाचं होईल. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळच्या ओपीडीला रांग दारापर्यंत असते. एका पेशंटला दहा मिनिटं दिली तर शेवटची बाई संध्याकाळीही बसून राहील. पण ‘आता मी काय करणार आहे’ हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पडदा ओढायला पाच सेकंद. रडणाऱ्या, आवळून धरलेल्या पेशंटची तपासणी करायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो, आणि ती पेशंट परत येत नाही ते वेगळंच.

हा लेख लिहिताना मी आईला विचारलं, ‘तुझी शेवटची तपासणी केव्हा झाली गं?’ आई ४६ वर्षांची आहे. तिने थोडा वेळ आठवून बघितलं आणि म्हणाली, ‘तुझ्या वेळी.’ म्हणजे बावीस वर्षं. माझ्यासोबत त्या दवाखान्यात आलेली, ‘होतं असं’ म्हणणारी माझी आई स्वतः बावीस वर्षं त्या टेबलापासून लांब पळत होती. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता कळतंय की ती मला समजावत नव्हती, तिला जे कुणीतरी सांगितलं होतं तेच पुढे देत होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी जाणार आहोत, यावेळी तिच्यासाठी. मी एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून दिल्यात: काय करणार ते आधी सांगा. छोटा स्पेक्युलम वापरा. हात वर केला की थांबा. आईने ती वाचली, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवली. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘तू आत येशील ना गं माझ्याबरोबर?’